पश्चात्तापाची साक्ष

अंबरनाथ, ऑक्टोबर १९४९

याकोबदादा, सलाम.

उल्हासनगरच्या छावणीत कॉलरा आला, तेव्हा तुम्ही पाळक असून चर्चची दारं लावून प्रार्थनेला बसलात. माझे यजमान दानिएल उपासनेला कधी फिरकले नाहीत, पण सिंधी निर्वासितांच्या बराकींत रोग्यांना पाणी पाजता पाजता त्याच रोगाने गेले.

प्रेताजवळ नाकाला रुमाल लावून तुम्ही म्हणालात, "सलोमी, मरताना त्याने पश्चात्ताप केला अशी रविवारी चर्चमध्ये सर्वांसमोर साक्ष दे."

पश्चात्ताप कशाचा, दादा? तुमच्या बंद दाराशी न आल्याचा?

मरताना त्यांनी एवढंच विचारलं, "बराकीतली ती म्हातारी वाचली का?"

ती वाचली. रविवारी मी तिला पेज घेऊन जाणार आहे. हे पत्र मात्र पाठवत नाही. तुम्ही त्यावरही उपदेश कराल.

नात्यापुरती तुमची बहीण,
सलोमी