बाहेरची मोटर

दि. ४ मार्च

चि. सूनबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

मायना लिहिला आणि पेन खाली ठेवलं. तुला आता सूनबाई म्हणायचं की नाही, हे विचारणार कुणाला? दुसरं काही सुचेना म्हणून तेच राहू दिलं. खटकलं तर खोड आणि पुढे वाच.

पत्रात 'घरातल्या सगळ्यांचे आशीर्वाद' असं लिहायची पद्धत आहे. मी फक्त माझे लिहिले आहेत. तुझ्या सासूबाईंनी, म्हणजे हिने, ते सांगितलेले नाहीत आणि न सांगितलेले आशीर्वाद परस्पर वाटायचा मला अधिकार नाही. मी तुला पत्र लिहितोय हेही हिला ठाऊक नाही.

तुझा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. त्या फोन नंबरही देत होत्या, पण फोन समोरच्याने उचलावा लागतो. पत्राचं बरं असतं, ते आपलं येऊन पडतं. तुला मुलगी झाल्याचंही त्यांच्याकडूनच कळलं. फार बरं वाटलं. जावईबापूंना नमस्कार सांग. आपल्याकडे मावससासूपासून चुलतदिरापर्यंत प्रत्येकाला शब्द आहे, पण सुनेचा नवरा आणि तरी आपला मुलगा नव्हे, अशा माणसाला शब्द नाही. मी बराच विचार केला आणि जावई ठरवून टाकलं. म्हणजे तुझी मुलगी माझी नात झाली. हरकत असेल तर कळव, पण लगेच कळवू नकोस.

चष्म्याचं दुकान बंद केलं. आयुष्यभर लोकांना लांबची अक्षरं वाचायला लावली, आता माझी मलाच जवळची दिसत नाहीत. म्हणून अक्षर मोठं आलंय, चिडून लिहिलंय असं समजू नकोस.

आता खरी बातमी. आम्ही मागचं दार उघडलं.

परसातल्या पाण्याला तो तळं म्हणायचा आणि ही डबकं म्हणायची, त्यावरून मायलेकांची जुंपायची, ते तुला आठवत असेलच. तो गेल्यापासून मागच्या दाराची कडी कुणी काढली नव्हती. पाणी साचून हिरवं झालं होतं. शेजारीणबाई येऊन सांगून गेल्या, "डास फार झालेत हो, आमचं बाळ तापाने उठत नाहीये. एक तर बुजवा, नाहीतर पाणी खेळतं ठेवा." त्यांचं काही चुकलं नाही. मी हिला म्हटलं, बुजवून टाकू. ही कपबशा विसळत होती. म्हणाली, "बुजवायचं नाही. त्याने खणलंय ते."

"मग मोटर बसवावी लागेल," मी भीतभीतच म्हटलं.

सगळ्या कपबशा पालथ्या घालून झाल्यावर म्हणाली, "बसवा. पण पाण्यात तार जाता कामा नये."

फिटर आला. चांगला माणूस आहे, बोलतो जरा जास्त. म्हणाला, "काका, बाहेरची मोटर बसवू. मोटर भिंतीशी, डब्यात, कोरडी ठणठणीत. पाण्यात नुसता पाइप." भिंतीला जुन्या मोटरची तार अजून लोंबत होती. ती हातात घेऊन त्याने विचारलं, "आधीची पाण्यातली होती का? कुठे गेली?" मी म्हटलं, काढून टाकली. त्याला काही माहीत नाही, आणि मी सांगितलं नाही.

तळ्याच्या कडेच्या फरशा तुम्ही दोघांनी मिळून बसवल्या होत्या. एक वाकडी बसली ती तुझी. ती अजून वाकडीच आहे. तुला न कळवता तिथे हात लावणं मला बरं वाटेना, एवढ्यासाठी हे पत्र. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

तू म्हणायचीस तो,
बाबा


दि. १९ मार्च

चि. सूनबाई हिस,
अनेक आशीर्वाद. माझेच.

तुझं पत्र मिळालं. दोन ओळी का होईना, तू लिहिलंस. मायना नव्हता. मी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, आत कुठे चिकटून राहिलाय का म्हणून. असो.

तू विचारलंस, बटण तेच ठेवणार का. हो, तेच. स्वयंपाकघरातलं, मागच्या दाराशेजारचं. मी फिटरला म्हटलं होतं, नवं बसव, दुसरीकडे कुठेतरी. तो म्हणाला, उघड्यावर बटण नको, आणि आतली जागा सोयीची आहे. तारा सगळ्या नव्या घातल्या आणि कुठे जराशी वीज गळली तर आपोआप बंद होईल अशी व्यवस्था केली. मग मी हिला विचारलं. "तेच राहू दे," म्हणाली. का, ते तिने सांगितलं नाही.

बाहेरच्या मोटरचे लाड फार असतात. पाण्यातली मोटर पाण्यातच बसलेली, तिला काही लागत नाही. या मोटरला सुरू करण्याआधी नरसाळ्याने पाणी पाजावं लागतं. पोटात हवा राहिली तर नुसती घरघर करते, पाणी उचलत नाही. पाइपाच्या तळाशी एक झडप असते, ती पाणी आत येऊ देते, परत जाऊ देत नाही. त्या झडपेत पानाचा एक तुकडा अडकला की रात्रीतून सगळं पाणी उतरून जातं आणि सकाळी पुन्हा पाजा.

तू विचारलंस बटणाचं आणि मी सांगतोय मोटरचं. मी या मोटरवर आणखी दोन पानं सहज लिहीन. पण तू जे विचारलंस त्यावर आपल्या घरात कधी कुणी बोललंच नाही, तेव्हा आता लिहितो.

दर रविवारी तो मोटर काढून गाळ धुवायचा, परत पाण्यात सोडायचा आणि हात पाण्यातच ठेवून ओरडायचा, "लाव!" मोटर पाणी ओढते की नाही हे त्याला हाताला कळायचं. तू हातातलं काम टाकून बटण दाबायचीस. त्या रविवारीही तेच झालं. तारेचा जोड पाण्याखाली उघडा पडला होता. तो तुला दिसणं शक्यच नव्हतं. दर आठवड्याला हाताळणाऱ्या त्यालाही तो दिसला नाही.

आणि मग दवाखान्याच्या बोळात, सगळ्या माणसांसमोर, हिने विचारलं, "बटण कुणी दाबलं?"

तू म्हणालीस, "मी."

हिने तोंड फिरवलं. एवढंच. नंतर कुणी कुणाला शब्दाने बोललं नाही. पण तू स्वयंपाकघरात आलीस की ही बाहेर पडायची. आणि तू घरातलं कुठलंच बटण दाबेनाशी झालीस. संध्याकाळी अंधारात बसून राहायचीस. मी दुकानातून आलो की आधी दिवा लावायचो, मग चपला काढायचो. तू माहेरी निघालीस तेव्हा मला वाईट वाटलं, पण तुला थांब म्हणायला तोंड नव्हतं. इथे राहून तुझं काय झालं असतं, ते मी रोज संध्याकाळी बघत होतो.

परवा मोटर सुरू झाली. बटण मी दाबलं. ही आतल्या खोलीत दार लावून होती. पहिली मोटर लहान होती, कारंजं जेमतेम गुडघ्याएवढं उडायचं. तो म्हणायचा, बाबा, एक दिवस हे भिंतीच्या वर जाईल. तर आता जातं. बघायला मी आणि फिटर. फिटर म्हणाला, "मस्त झालं ना काका?" मी मस्त म्हणालो आणि चष्मा काढून पुसत बसलो. रडू आलं गं, दुसरं काय.

रात्री जेवताना हिला विचारलं, पाण्याचा आवाज येतो ना? "बहिरी नाही मी," म्हणाली. बाहेर मात्र अजून आलेली नाही.

मुलीला जप. तिचं नाव कळवलं नाहीस. घाई नाही.

बाबा


दि. २ एप्रिल

चि. सूनबाई हिस,
आशीर्वादाचं शेवटी लिहितो.

आज सकाळी जे झालं ते जसंच्या तसं सांगतो, कारण ते तुला कळवायची मला आज्ञा आहे.

मी एक नियम केला होता. मोटरला पाणी पाजायचं, बूच आवळायचं, हात कोरडे करायचे, आत यायचं आणि बटण स्वतः दाबायचं. काही झालं तरी परसातून घरात हाक मारायची नाही. आज झडपेत पान अडकलं होतं, सगळं पाणी उतरलं होतं. दोनदा पाजून पाहिलं, दोनदा आत जाऊन आलो, मोटर नुसती घरघरत होती. फिटरने सांगून ठेवलं होतं की असं झालं तर बूच जरा सैल ठेवून मोटर लावा, हवा निघाली की लगेच आवळा. म्हणजे बटण दाबताना माणूस मोटरपाशी हवा. एका हातात बूच, दुसऱ्यात नरसाळं, धोतर ओलं, डोक्यात वैताग. आणि तोंडातून निघून गेलं, "लाव!"

त्याचा आणि माझा आवाज सारखा होता. फोनवर माणसं फसायची, तूही फसली होतीस एकदा.

शब्द तोंडातून पुरता बाहेर पडला नाही तोच मोटर सुरू झाली. बुचातून हवा फुसफुसली, मी भिजलो, घाईने बूच आवळलं, कारंजं वर गेलं. मग माझ्या लक्षात आलं की घरात दुसरं आहे कोण?

आत आलो. नळ तसाच वाहत होता, अर्धी घासलेली पातेली तशीच. ही बटणाच्या खाली भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. ओला हात मांडीवर उताणा.

"तुम्ही लाव म्हणालात," म्हणाली.

"हो गं. चुकून."

"मी लावलं."

"बरं केलंस."

"बरं कुठलं? तुम्ही कुठे आहात, तुमचा हात कुठे आहे, काही बघितलं नाही मी. मनात काही आलंच नाही हो. हाक आली आणि लावलं."

मी नळ बंद केला आणि तिच्याजवळ बसलो. गुडघ्यांनी तक्रार केली, पण बसलो. ती माझ्याकडे बघत नव्हती. समोरच्या भिंतीकडे बघून म्हणाली, "त्या पोरीने तरी दुसरं काय केलं होतं?"

मग रडली. तो गेला त्या दिवशी ही रडली नव्हती. आलेल्या माणसांना पाणी देत फिरत होती. आज रडली, आणि मधूनमधून एकच म्हणत होती, "मी काय विचारलं हो तिला! सगळ्यांसमोर काय विचारलं!" मी पाठीवर हात ठेवून बसलो. बाहेर मोटर चालूच होती. ती बंद करायला दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

संध्याकाळी ही मागच्या दारातून बाहेर आली. तुझ्या वाकड्या फरशीवर बसली. मग बाही सारून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. मी दचकून "अगं" म्हणालो. "काही होत नाही," म्हणाली. हात तसाच ठेवून पुढे म्हणाली, "आधीच का नाही हो बसवली अशी बाहेर?"

बाहेरची मोटर मिळते हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही होतं. लहान तळ्याला कशाला एवढं, असं दोघांनाही वाटलं. हा विचार डोक्यातून जात नाही आणि जाणारही नाही, म्हणून तुला सांगून टाकतो. कारंजं कितीही उंच गेलं तरी तो काही परत येत नाही.

उठताना तिने मला विचारलं, "तिला पत्र लिहिता ना तुम्ही?"

मी पाण्यातलं एक पान उचलू लागलो.

"पोस्टमन पाकीट माझ्याच हातात देतो. मी ते गुपचूप तुमच्या टेबलावर ठेवते, म्हणून तुम्हाला वाटतं कुणाला कळत नाही. तिला लिहा, आज बटण मी दाबलं. एवढंच लिहा. तिला कळेल."

मी एवढंच लिहिणार होतो, पण मला थोडक्यात लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे.

तू ये असं मी म्हणणार नाही. तुझं घर आहे, माणसं आहेत, आणि इथली वाट तुला काही सोपी नाही. यावंसं वाटलंच तर नातीला घेऊन ये. तळ्याला जाळी बसवून घ्या, असं हिने आजच सांगितलंय. तळ्याला म्हणाली. डबक्याला नाही. मागच्या दाराची कडी आता लावत नाही.

यायला नाही जमलं, उत्तर लिहायलाही नाही जमलं, तरी माझं एक ऐक. तुझ्या घरी संध्याकाळ झाली की दिवा तू लावतेस की दुसरं कुणी येऊन लावायची वाट बघत बसतेस, मला माहीत नाही. तुझ्या आईला विचारायचा धीर झाला नाही. बसत असशील तर आज बसू नकोस. मुलगी अंधारात असेल. ऊठ आणि लाव.

माझे आशीर्वाद आहेतच.
हिचेही अनेक आशीर्वाद. हे तिने सांगितले म्हणून लिहिले.

बाबा