रिस्टोअरचे सात तास

गुरुवार, ६ मार्च
सात तास दहा मिनिटं! दर गुरुवारी ग्रंथालयाचा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर उतरवून, म्हणजे रिस्टोअर करून बघायचा — आठ लाख पुस्तकांच्या नोंदी नीट परत येतात की नाही. मी पडद्याकडे बघतो, तपासनीस बाई माझ्याकडे. नियमच आहे, साक्षीदार हवा. शेवटी त्यांची सही. मधल्या वेळात त्यांचं शब्दकोडं. "अहो, चार अक्षरी — पाण्यातला ऐटबाज पक्षी?" "राजहंस." "बघा, जमतं तुम्हाला!" दिवसभर कॉलर ताठ.

मंगळवार, ११ मार्च
साहेब तडकले. "उद्या खरंच सर्व्हर बसला तर वाचकांनी सात तास दारात ताटकळायचं?"
कारण सापडलं. इंडेक्स, म्हणजे नोंदी झटकन शोधायच्या सूच्या, बांधायला सर्व्हरला मेमरी दिलीय ६४ एमबी! पाचशे माणसांचा स्वयंपाक आणि कढई वाटीएवढी. बिचारा थोडं थोडं डिस्कवर उतरवून ठेवतो, परत उचलतो. आणि मशीनमध्ये ३२ जीबी लोळत पडलेत!

गुरुवार, १३ मार्च
दिले १६ जीबी. बाईंसमोर, जरा छाती काढूनच. विसरलो काय — एकाच वेळी चार इंडेक्स बांधायला लावलेत, आणि १६ जीबी प्रत्येकाला! सोळा चोक चौसष्ट, आणि मशीनमध्ये बत्तीसच. लहानपणी पाठ होतं हो हे! चौदाव्या मिनिटाला सर्व्हरने मान टाकली.
"उतावळा नवरा..." बाई म्हणाल्या आणि मध्येच थांबल्या. कोड्यात डोकं खुपसलं. कान लाल.

शुक्रवार, १४ मार्च
म्हण पुरी का नाही केली?

गुरुवार, २० मार्च
प्रत्येकी दोनच जीबी. पन्नास मिनिटं!! साहेबांनी पाठ थोपटली — चष्मा पडला माझा. बाईंनी सही केली. कोडं अर्धंही सुटलं नव्हतं, तसंच पिशवीत घातलं. "अभिनंदन हं. आता लवकर घरी जाता येईल." आणि गेल्यासुद्धा!
मीही दुपारीच घरी. आई दारातच — "काढलं की काय नोकरीवरून?" म्हटलं, नाही, मोठी कामगिरी केली. "मग तोंड का एरंडेल प्यायल्यासारखं?"

शुक्रवार, २१ मार्च
स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा. तोही दोन जीबीचा. गाढव आहे मी. बाईंच्या खुर्चीवर कुणीतरी प्रिंटर आणून ठेवलाय.

सोमवार, २४ मार्च
साहेबांच्या टेबलावर तपासनीस बाईंचा लेखी शेरा: "वेग संशयास्पद. खात्रीसाठी पुढील बारा गुरुवार जुन्याच सेटिंगवर रिस्टोअर करून निकाल ताडून पाहावेत. साक्षीदार मी स्वतः राहीन."
साहेब कपाळ बडवतायत. मला ६४ हा आकडा तीन वेळा टाइप करावा लागला.