आजीच्या मशीनमधून निघालेला गुलाबी पट्टा

क्रॅन्स्टन, मंगळवार

आदरणीय अस्सुंता आत्या,

तुला नुंझियाचा वाकून नमस्कार आणि दोन्ही गालांवर एकेक मुका. फ्लोरिडाच्या उन्हात तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या डॉमिनिकची बायको अजून बाटलीतलाच सॉस वापरते का? (मी तिला नावं ठेवत नाही. तो अधिकार मला उरलेला नाही, ते पुढे येईलच.)

तुझं पत्र, संत अ‍ॅनचं चित्र आणि मलमाची डबी पोचली. माझ्या थरथरणाऱ्या हातांसाठी तू नऊ दिवसांची प्रार्थना धरली आहेस हे वाचून मी मटकन खुर्चीत बसले. आत्या, माझे हात ठणठणीत आहेत. ते कधीच थरथरत नव्हते. काल सकाळीच मी वाटाण्याएवढ्या पावावर सुईच्या टोकाने एकवीस तीळ बसवले. तेव्हा ती प्रार्थना कुणा खऱ्या गरजूच्या नावावर वळव, आणि जवळ खुर्ची असेल तर तूही बस.

दातांच्या दवाखान्यातली नोकरी सुटल्यावर मी घरात नुसती भिंतींकडे बघत बसायचे, म्हणून एलिओने नवऱ्याचं कर्तव्य समजून मला लायब्ररीतल्या एका वर्गात नेऊन घातलं. तिथे पॉलिमर क्ले नावाच्या मातीचे इवलेइवले खाद्यपदार्थ करायला शिकवतात. डोनट, पिझ्झाचे तुकडे, कनोलीच्या मलईभरल्या नळ्या, सगळं नखाएवढं. मग ओव्हनमध्ये भाजायचं, कडी लावायची, आणि बायका ते कानात नाहीतर किल्ल्यांना अडकवतात. (मलाही आधी हसू आलं होतं.) दवाखान्यातली जुनी हत्यारं मी जपून ठेवली होती, त्यांनी पावाच्या कडा अशा कोरता येतात की विचारू नकोस, आणि जुन्या टूथब्रशने टोचलं की केकला जाळी पडते. पण ही माती आधी मळून मळून मऊ करावी लागते आणि माझे अंगठे दुखायला लागले. वर्गातल्या बेव्हर्लीबाई म्हणाल्या, पास्ता लाटायच्या मशीनमधून काढा, लोण्यासारखी होते, मात्र त्या मशीनमध्ये पुन्हा खायचं काही घालायचं नाही.

आत्या, त्यांचं पहिलं अर्धं वाक्य मी नीट ऐकलं.

आजीने इटलीहून, थेट अब्रुझोहून ट्रंकेत घालून आणलेलं ते मशीन फ्लोरिडाला जाताना तू माझ्या ओटीत घातलंस. माझ्या बहिणीला, रेनाटाला दिलं तर ती पाण्याने धुऊन गंज चढवेल म्हणालीस. मी त्याला पाण्याचा थेंब लागू दिला नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेव. एकदाच वापरू, म्हणून डोनटवरची गुलाबी माती त्यातून काढली. मग ‘एकदाच’ रोज होऊ लागलं.

ईस्टरला तेरा माणसं जेवायला होती. मी पहाटे उठून साध्या लाटण्याने सारणाच्या रॅव्हिओली केल्या, साठ, सगळ्या निर्मळ, आणि मशीन शोभेला टेबलावर ठेवलं. तेवढ्यात रेनाटाला उरलेलं पीठ दिसलं. “अगं नुंझे, फिरव की मशीन! आजीच्या हँडलचा आवाज ऐकून किती वर्षं झाली!” पोरांनी फोन वर धरले, मी हँडल फिरवलं, आणि पलीकडून पिठाचा पट्टा निघाला, त्याच्या मधोमध झगझगीत गुलाबी रेघ.

“हे काय गं?”

“बीट,” मी म्हणाले.

“बीट?” जेन्नारोकाका ओरडले. “आपल्या घराण्यात? आजीने ऐकलं असतं तर परत बोटीत बसली असती!” पण रेनाटाला तो रंग आवडला. तिने पट्टा उचलून रॅव्हिओलींच्या ताटावर ठेवला आणि म्हणाली, उकळतंय पाणी, टाक, आधी पोरांना देऊ.

काय करणार होते मी? ताट उचललं आणि जमिनीवर आपटलं. साठच्या साठ. मग जेन्नारोकाकांचं कुत्रं धावलं, त्याने तो पट्टा खाऊ नये म्हणून मी सणाच्या कपड्यांत पट्ट्यावरच पडले. सगळ्यांनी मला उचललं. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं, पण रेनाटा माझे हात हातात घेऊन रडली, आणि मग आम्ही ब्रेड आणि हॅम खाल्लं. नंतर तिने कॉफी दिली तेव्हा मी कप थोडासा हलवला. मुद्दाम. या पत्रातली सगळ्यात लाजिरवाणी ओळ हीच.

आता तू लिहितेस, हातांना विश्रांती दे, मशीन रविवारी रेनाटाकडे पाठव, तिच्या नातीच्या बाप्तिस्म्याचा स्वयंपाक त्यावरच होऊ दे. ते होता कामा नये. एवढ्यासाठी हे पत्र आहे. ते मशीन मी कायमचं बाटवलं, मला माफ कर, आणि नाही केलंस तरी मला समजेल.

तुझी तोंड लपवून बसलेली भाची,
नुंझिया

ता. क. रेनाटाला यातलं काही सांगू नकोस. काहीतरी कारण तूच काढ. तुझ्या शब्दावर या घरात कुणी शंका घेत नाही.

ता. क. बाप्तिस्म्यासाठी मी तिला नवंकोरं मशीन आणून देते आहे. ते मी वापरून पाहिलं, मातीवर नव्हे, बंद पाकिटातल्या पिठावर, शपथ. माझ्या कामाला ते चालणार नाही. मातीच्या क्रोसाँ-पावाचे कागदाएवढे पातळ पापुद्रे फक्त आजीच्याच मशीनमधून निघतात.

ता. क. हे पत्र लिहिताना मी दोनदा उठले, ओव्हनमधली कनोली काढायला. लाज वाटते आहे आणि तरी हात थांबत नाहीत. सोबत कापसात गुंडाळलेली एक कनोली आहे, तिची कड बघ, चष्मा लावून बघ. अठ्ठावन्न वर्षांत माझ्या हातून पहिल्यांदा काहीतरी सुंदर होतं आहे, आणि ते मला तुलाच दाखवायचं होतं. मशीन माझ्याकडेच राहू दे, आत्या. वाट्टेल तेवढं बोल, पण राहू दे.