कॉम्प्युटर किती मिनिटांनी झोपवावा

ती. ताई,

धाकटीचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून कारखान्यातल्या लाकडाच्या भुश्शावर ढकलून औषध टाळताहेत? इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे ठीकच म्हणायचं. फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. फोनवर तू मला तीन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस, हे एक कारण. दुसरं पुढे येईल.

मी वीज वाचवायला लागले आहे. झालं असं, की आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात वीजबचतीवर बोलायला एक बाई आल्या. पेशंट कमी होते म्हणून डॉक्टरांनी आम्हा चौघींनाच समोर बसवलं. (मी नावं नोंदवायला असते, पण रिकाम्या खुर्च्या भरायच्या झाल्या की पहिला नंबर माझा.) बाईंनी विचारलं, कोणाच्या घरी कॉम्प्युटर दिवसभर चालू असतो. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, आमचे हे घरूनच लिफ्टचे आराखडे काढतात, सकाळी नऊला सुरू होतो तो संध्याकाळी सहाला बंद. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नळ सोडून गावाला गेले होते. मग त्यांनी समजावून सांगितलं, की माणूस उठून गेला तरी स्क्रीन जळत राहतो. त्यावर ते रंगीत मासे फिरताना दिसतात ना, तेव्हा यंत्र आराम करतंय असं मी समजायचे, तर तसं काही नसतं. माशांनी वीज वाचत नाही. स्क्रीन काळा व्हायला हवा आणि थोड्या वेळाने यंत्रानेही झोपायला हवं, आणि हे सगळं आत एका ठिकाणी ठरवून ठेवता येतं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की घरी येऊन आधी फ्रिजचाच दिवा बंद करता येतो का ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी हे आंघोळीला गेल्यावर मी लेकीला वसतिगृहात फोन लावला. ती तिकडून सांगणार, मी इकडे दाबणार. पहिल्या प्रयत्नात अक्षरं एवढाली झाली की एका वेळी एकच मावेना. दुसऱ्यात सगळा स्क्रीन उलटा झाला, तेव्हा मी डोकं उलटं करून वाचत होते आणि लेक तिकडे हसून हसून खोकत होती. शेवटी जमलं. दहा मिनिटं कोणी हात लावला नाही तर स्क्रीन बंद, वीस मिनिटांनी यंत्र झोपणार. उजेड निम्म्यावर आणला. मासे काढून टाकले. ह्यांना मुद्दाम काही सांगितलं नाही. म्हटलं, तक्रार करत येतील तेव्हा बाईंचं अख्खं भाषण ऐकवू.

तक्रार आलीच नाही. आठवडा गेला. तुला माहीत आहे, ह्यांच्या पेन्सिलीची जागा बदलली तरी ह्यांना जेवण जात नाही. मला वाटलं, दहा मिनिटं फार झाली, लक्षात येत नसेल. मी पाच केली. मग दोन. (बचतीचं राहिलं बाजूला, माझ्या सुधारणेची कोणी दखल घेत नाही याचाच राग यायला लागला होता.) शेवटी एक मिनिट केलं. लिफ्टच्या दाराचं माप डोक्यात धरून माणूस खिडकीबाहेर बघतो, तेवढ्यात स्क्रीन गुडुप. कोणाचंही टाळकं सटकेल. हे संध्याकाळी सहाला खोलीतून बाहेर आले, हात धुतले आणि म्हणाले, आज काम जरा जास्तच होतं. दवाखान्यात मी सगळ्यांना सांगत सुटले, नवरा असावा तर असा, शांत, सोशिक.

मागच्या पंधरवड्यात डॉक्टरांचेच डोळे आले. (हसू नकोस, पेशंट बिचारे हसू दाबून परत जात होते.) दवाखाना अकरालाच बंद झाला. मी घरी आले. ह्यांच्या कामाच्या मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. ताई, हे टेबलाशी बसले होते. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस, दोन्ही हात गुडघ्यांवर. समोर काळा स्क्रीन. कागद नाही, पट्टी नाही, काही नाही. बसची वाट बघत बसावं तसे बसले होते. मी उंबऱ्यातच थांबले. त्या काळ्या काचेत त्यांना मी मागे दिसले असणार, कारण त्यांचा हात एकदम माउसकडे गेला. स्क्रीन उजळला. त्यावर काहीच नव्हतं.

मी विचारलं, "चहा टाकू?"

"टाक," म्हणाले. "थोडं आलं घाल."

चहा झाला. दोघांनी घेतला. मी कप उचलले आणि भांडी घासत बसले, स्वच्छ होती तीसुद्धा.

खरं काय ते चार दिवसांनी कळलं. ह्यांच्याच ऑफिसातल्या एकाची बायको चष्म्याचा नंबर काढायला आली होती. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे तिला धड दिसत नव्हतं, पण माझा आवाज ओळखून तिने माझा हात धरला. म्हणाली, वाईट झालं हो, आराखड्यांच्या विभागातल्या चौघांनाही एकाच दिवशी घरी बसवलं, तीन महिने झाले, आमचे तर अजून धड जेवत नाहीत, तुमचे कसे आहेत? मी म्हटलं, बरे आहेत, कामात असतात. तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं ते औषधाचं होतं की काय कोण जाणे. माझ्या डोळ्यांत कोणी काही घातलेलं नव्हतं.

तीन महिने, ताई. रोज नऊला दाढी करून त्या खोलीत जायचं आणि सहाला बाहेर यायचं. घरखर्चही नेहमीसारखाच देतात, कुठून ते मी विचारलेलं नाही. आणि मी मेली मिनिटं कमी करत होते. जो माणूस यंत्राला हात लावत नव्हता, तो तक्रार कसली करणार?

त्याच संध्याकाळी हे दूध आणायला गेले तेव्हा मी सगळं पूर्ववत केलं. स्क्रीन कधी बंद व्हावा, तर "कधीच नाही." यंत्र कधी झोपावं, तर "कधीच नाही." उजेड पूर्ण. मासेसुद्धा परत सोडले. त्या बाईंना कळलं तर त्या मला दवाखान्याबाहेर उभी करतील. पण निदान त्या खोलीत समोर काहीतरी हलत राहील.

बाकी ठीक. तुमच्याकडच्या कॉम्प्युटरला मात्र दहा मिनिटं लावून ठेव, त्याने खरंच वीज वाचते.

तुझी,
धाकटी

ता. क. भाऊजींच्या कारखान्यात कपाटांचे आराखडे खोक्यांच्या पाठीवर काढतात आणि मग दारं बसत नाहीत, असं तू मागे म्हणाली होतीस. त्या कामासाठी ह्यांना विचारतील का? पण आपल्याच मनात आलं असं दाखवून त्यांनी फोन करावा. मी लिहिल्याचं अजिबात कळू देऊ नकोस. लेकीलाही नाही, तिची परीक्षा आहे.

आणखी एक. उत्तर दवाखान्याच्या पत्त्यावर पाठव. फोन का करत नाही, ते आता कळलं असेल. हे दिवसभर घरीच असतात आणि भिंती पातळ आहेत.

(दुसऱ्या अक्षरात)

ताईंना नमस्कार. पत्र ओट्यावर उघडंच राहिलं होतं. वाचायला नको होतं, वाचलं.

स्क्रीन लवकर बंद व्हायला लागला ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. हिच्याशिवाय कोण करणार? ओरडत गेलो असतो तर तिने विचारलं असतं, एवढं कसलं काम अडलंय. म्हणून गप्प बसलो. मग मिनिटं कमी होत गेली, तेव्हा वाटलं, हिला कळलंय आणि ही मला बोलतं करते आहे. रोज ठरवायचो, आज सांगू. त्या दिवशी चहा झाल्यावर सांगणारच होतो, तर ही भांडी घेऊन उठली.

भाऊजींनी मला विचारायला हरकत नाही. मनात आल्यासारखं वगैरे करायला नको, सरळ विचारू देत. कपाटांतलं मला काही कळत नाही, पण मापं चुकत नाहीत.

ही दोनला येते. आली की सांगतो. तोवर हे टपालपेटीत टाकून येतो.