धुळ्याला का चाललं नाही

सर, आज मेहरूणमधल्या माझ्या घरी बसून पुन्हा तुमची स्क्रिप्ट उघडली. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, पण माझं काम अजून तेच आहे: एका मशीनवर बांधलेला प्रोग्राम दुसरीकडच्या, वेगळ्या लिनक्सवरही चालला पाहिजे. पंधरा-वीस ओळींची तुमची ती स्क्रिप्ट, प्रोग्राम बांधणाऱ्या कंपायलरचंच नाव घेऊन दारात उभी असायची. आम्ही कंपायलरला हाक मारली की आधी ती ओ द्यायची, जुन्या मशीनवरही सापडतील अशा जुन्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, वापरायला सांगायची आणि मग काम खऱ्या कंपायलरकडे सोपवायची. "आपलं नवं मशीन बघून भुलू नका," तुम्ही म्हणायचात, "समोरच्याकडे काय आहे ते आधी विचारा."

त्या दिवशी धुळ्याच्या वाचनालयाचा प्रोग्राम शेवटचा बांधायचा होता. तुमच्या वाटेनं वेळ लागायचा आणि माझी बोदवडची पॅसेंजर सुटत होती. मी तुमची स्क्रिप्ट टाळून थेट खऱ्या कंपायलरनं बांधून मोकळी झाले. आपल्या जळगावच्या लॅबमध्ये छान चाललं. दुसऱ्या दिवशी धुळ्यात मंडळी खुर्च्या मांडून बसलेली, आणि तिथल्या जुन्या मशीनवर ते सुरूच होईना. "काय सर, जळगावची केळी इथवर येता येता काळी पडली का?" ग्रंथपाल म्हणाले. सगळे हसले. तुम्हीही हसलात, पण तुमचे कान लाल झाले होते. "चूक माझी आहे," एवढंच म्हणालात.

परतीच्या एसटीत तुम्ही हळूच विचारता, "माय, स्क्रिप्टमधूनच बांधलं होतं ना?" मी खिडकीबाहेर बघत म्हणते, "हो सर." तुम्ही मान डोलावता. दुसऱ्यांदा विचारत नाही. पुढच्या आठवड्यात तुम्ही स्वतः बांधून नेलंत तेव्हा ते चाललं, आणि त्यानं तर तुम्ही जास्तच गोंधळलात. त्याच हिवाळ्यात आजारी पडलात. भेटायला आले तेव्हा उशाशी स्क्रिप्टचं छापील पान होतं, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं. "बठ्ठं बराबर शे," तुम्ही म्हणालात, "सगळं बरोबर, तरी कुठं चुकलं?" मी मोसंबं सोलत राहिले.

स्क्रिप्टच्या तळाशी तुमची शेवटची टीप अजून आहे: "धुळ्याला का चाललं नाही? शोधणे." तिच्याखाली उत्तर लिहायला आज बसले होते. एकच ओळ लागली असती. पण ती स्क्रिप्ट माझ्या हाताखालची मुलं रोज उघडतात. म्हणून ती तशीच बंद केली आणि हे लिहायला घेतलं. हे कुणी उघडणार नाही.