यजमानांच्या आठ जागा

मी, कुमारी अरुंधती मार्तंड हरकरे, वय सव्वीस वर्षे, व्यवसाय ग्रंथालय सहायक, राहणार प्रताप नगर, नागपूर, आमच्या कॅरम संघटनेची मानद सचिव, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. मरण्याचा तूर्त विचार नाही. तरीही लिहिणे भाग आहे, कारण आमच्या घटनेतील नियम क्रमांक चौदा.

हा नियम ज्यांच्यामुळे झाला ते संस्थापक सचिव कै. महादेवराव सन २००३ च्या राज्य स्पर्धेच्या आदल्या दिवशी हृदयविकाराने गेले. सामानाच्या खोलीची एकमेव किल्ली ते करदोट्याला बांधीत. ती त्यांच्यासह अंबाझरी घाटावर गेली आणि परत आली नाही. दुसऱ्या दिवशी एकशे वीस खेळाडू चार तास व्हरांड्यात उभे होते; शेवटी कुलूप फोडावे लागले. तेव्हापासून मोठ्या स्पर्धेपूर्वी सचिवाने मृत्युपत्र लिहून, कोणती वस्तू कोणाकडे जाईल हे नमूद करून, बंद लिफाफा कार्यालयातील लोखंडी कपाटात ठेवावा, असा दंडक आहे. हे माझे तिसरे मृत्युपत्र. पहिली दोन याद्वारे रद्द समजावीत.

कलम १. घर माझ्या नावावर नाही. पोस्टातील आवर्ती ठेव मातोश्रींना मिळावी. ती त्यांनी माझ्या लग्नासाठी सुरू केली होती. आता त्यांनी त्यातून हवा तो प्रवास करावा. मात्र माझ्या पश्चात माझ्यासाठी स्थळे पाहणे थांबवावे, ही विनंती. माझ्या पत्रिकेच्या उरलेल्या एकोणीस प्रतींच्या कोऱ्या बाजूवर स्पर्धेचे गुण लिहिता येतील.

कलम २. माझे सर्व शब्दकोश धाकटा भाऊ विहंग यास. तो ते उघडणार नाही हे मला ठाऊक आहे. परंतु कॅरम बोर्ड समपातळीत आणण्यासाठी पायाखाली माझा शब्दकोश सरकवण्याचा जो प्रकार त्याने गेल्या दिवाळीत केला, तो पुन्हा घडल्यास सर्व खंड ग्रंथालयाकडे जातील.

कलम ३. संघटनेचा माईक आमचे निवेदक प्रेमानंद ढोक यांच्याकडेच राहावा. नाही तरी तो त्यांच्या हातून कोणाला सोडवता आलेला नाही. तीन वर्षे मी लिहिलेली भाषणे ते वाचतात आणि टाळ्या घेतात. याबद्दल माझी तक्रार नसून कृतज्ञता आहे. चार माणसांपुढे बोलायचे म्हटले की माझी जीभ टाळूला चिकटते. लिहिताना मात्र ती सुटते, याचा प्रत्यय पुढील कलमात येईल.

कलम ४. हे कलम उपाध्यक्ष श्री. मुकुंदराव गावंडे, म्हणजे आमचे मुकुंदकाका, यांच्यासाठी आहे. माझ्या हयातीत कोणी हा लिफाफा उघडू नये असा नियम आहे. तथापि गतवर्षीचे मृत्युपत्र स्पर्धेनंतर मला परत मिळाले, तेव्हा लिफाफा नव्याने चिकटवलेला होता आणि तिसऱ्या पानावर तर्रीचा डाग होता. कार्यकारिणीच्या सभेआधी तर्री-पोहे हातात घेऊन कार्यालयात एकटे बसण्याची सवय एकाच व्यक्तीस आहे. तेव्हा काका, नमस्कार. वाचत राहावे.

प्रथम जुना हिशोब. "खेळाडूंनी कृपया आसनस्थ व्हावे" ही माझी सूचना आपण तीन वर्षे खोडून तिथे "बसा" असे लिहीत आला आहात. मी क्षमा केलेली नाही.

आता मुख्य मुद्दा. येत्या रविवारच्या सभेत आपण ठराव मांडणार आहात, की ही आपली शेवटची राज्य स्पर्धा. यापुढे यजमानपद घेऊ नये. अकरा जणांच्या कार्यकारिणीत आपल्यासह सहा जण त्या बाजूचे आहेत. आपण मागे सरलात तर ठराव पडतो. गेल्या सभेत आपण टेबलावर हात आपटून म्हणालात, "काहून करून राहिलो गा आपण हे? बाहेरचे येतात, आपले पोहे खातात, आपल्याच पोरायले हरवतात अन् ट्रॉफी घेऊन जातात!"

त्यावर खापरखेड्याहून येणाऱ्या आमच्या पंच वंदनाताई म्हणाल्या, "मंग काय पाहुण्याले घरीच बोलवाचं नाही, भाऊ?"

"पाहुणा एक रात्र राह्यते वं. हे तीन दिवस राह्यतात. गेल्या वर्षी माह्या घरी सहा झण होते. मले माह्याच घरात बाथरूम भेटली नाही!"

सभा हसली. मी इतिवृत्त लिहीत होते. उत्तर समासात टिपून ठेवले. ते इथे देते.

आपण सतरंज्या उचलतो, चौसष्ट बोर्ड पुसतो, रजा खर्ची घालतो, ते ट्रॉफीसाठी नव्हे. ती गेल्या नऊ वर्षांत नागपुरात राहिलेली नाही. यजमान जिल्ह्याला आठ जादा प्रवेश मिळतात, म्हणून आपण हे करतो. निवड चाचणी नाही, प्रवास नाही. ज्याला घरून बाहेरगावी कोणी पाठवणार नाही, अशा आठ जणांना आपल्याच गावात राज्याच्या खेळाडूसमोर बसता येते. स्पर्धा दुसऱ्या शहरात गेली, की या आठ जागाही तिकडे जातात.

सन २०११ ची स्पर्धा आठवावी. बारा वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती आणि खांबामागे उभी राहून पुस्तक वाचत होती. बोर्ड क्रमांक सत्तावीसवर यजमानांचा एक खेळाडू आलाच नाही. पंच इकडेतिकडे पाहू लागले. त्यांची नजर खांबाकडे गेली. मुलगी म्हणाली, "मला येत नाही." पंच म्हणाले, "कोणाले येते? खुर्ची खाली आहे. बस वं."

मी पंचवीस-शून्य, पंचवीस-एक अशी अकरा मिनिटांत हरले. त्यानंतर समोरच्या सांगलीच्या बाईंनी सोंगट्या पुन्हा मांडल्या आणि अंगठ्याने स्ट्रायकर कसा मारायचा ते पाऊण तास दाखवले. मी अनोळखी माणसाला प्रश्न विचारण्याची ती आयुष्यातील पहिली वेळ. मी सात प्रश्न विचारले, मोजले होते.

त्या सामन्याची गुणपत्रिका मी चौदा वर्षे जपली आहे. तळाशी पंचांची सही आहे: मु. शा. गावंडे. ती गुणपत्रिका मी आपणांस देत आहे. सोबत जोडली आहे. मरेपर्यंत थांबण्याची गरज नाही. त्या दिवशी आपण साधे "बस" म्हणाला नसता आणि मी "आसनस्थ व्हावे" या सूचनेची वाट पाहत राहिले असते, तर आज सचिव दुसरे कोणी असते. या कारणास्तव वर नोंदवलेली तक्रार अर्धी मागे घेते.

कलम ५. माझा पंधरा ग्रॅमचा स्ट्रायकर वाडीच्या अपेक्षाला. तिचे वडील गोदामात हमाली करतात आणि ती पोत्यावर फळी ठेवून सराव करते. परवा तिने विचारले, "ताई, हे राज्यातले लोक माह्यासंग खेळतीन का वं?" मी म्हटले, "खेळतील. नियमच आहे तसा." तिचे नाव अजून कोणत्याही यादीत नाही. आठ जागा वाटण्याचा अधिकार उपाध्यक्षांचा आहे. या जागा, मी असो वा नसो, ट्रॉफी आणू शकणाऱ्याला देऊ नयेत. जो "मला येत नाही" म्हणेल त्याला द्याव्यात.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. मुकुंदराव गावंडे यांनी करावी. त्यांच्याइतके काळजीपूर्वक ते दुसरे कोणी वाचणार नाही.

एक सूचना राहिली. लिफाफ्याच्या घडीत मी बोर्डाची पावडर दोन चिमटी ठेवली आहे. काका, ती आता आपल्या बोटांवर असेल. बोटे आपल्या निळ्या सफारी सुटाला पुसली असतील, तर पावडर त्या कापडावरून सहज जात नाही, हे आपणच नव्या पंचांना शिकवता. बाहेर सभा जमली आहे आणि मतदान हात वर करून आहे. पांढरा हात ठरावाच्या बाजूने वर गेला, तर तो कपाटात कशाला गेला होता हे साऱ्या सभेला कळेल. हात खाली राहिला, तर मी इतिवृत्तात काहीही लिहिणार नाही. खाली राहिलेल्या त्या हाताने आठ जणांच्या यादीत पहिले नाव अपेक्षाचे लिहावे. यादी याच लिफाफ्यात आहे, पेनसुद्धा.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांच्या समक्ष सही केली.

स्थळ: नागपूर
दिनांक: ११ डिसेंबर २०२५

(सही) अरुंधती मार्तंड हरकरे

साक्षीदार:
१. (सही) प्रेमानंद ढोक. मजकूर वाचलेला नाही. माईकवर वाचायचा असल्यास कळवावे.
२. (सही) वंदना जितेंद्र मेश्राम. मीही वाचला नाही. पावडरचा डबा मात्र मीच धरला होता.