आईपासूनचं अंतर

ता. १७ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. प्रवास बरा झाला असेल. तू हे वाचशील तोवर मी सासरी पोहोचलेली असेन. चहा-साखर वरच्या फळीवर आहे.

आईची तब्येत ठीक. थायरॉइडच्या गाठीच्या ऑपरेशननंतर दिलेलं किरणोत्सर्गी आयोडीन अजून तिच्या अंगात आहे, म्हणून ताटवाटी, टॉवेल, संडास सगळं वेगळं ठेवलंय. पण हे तुला मी काय सांगणार? अणुभट्टीवरची इंजिनिअर तू!

रोज तुझा फोन यायचा. मी ताट स्टुलावर ठेवून मागे सरायचे आणि दाराआडून ऐकायचे.

"दर आठ दिवसांनी निम्मं उरतं, त्याला अर्धायुष्य म्हणायचं? मग माझं तर केव्हाच सरलं की गं!" आणि आई खदखदून हसायची.

ऑपरेशनपासून तिचं सगळं मी केलं. माझ्याशी बोलणं काय, तर "मीठ कमी पडलंय." एकदा मीच विचारलं, आई, बीटा आणि गॅमा किरणांत फरक काय गं? म्हणाली, "मोठीला विचार, ती छान समजावते."

परवा संध्याकाळी पुन्हा ते हसणं कानावर आलं आणि माझं डोकंच फिरलं. दार ढकलून आत गेले, तिच्या हातातला फोन हिसकावून घ्यायला. आई किंचाळली, "बाहेर हो! आधी बाहेर हो!"

जन्मात कधी माझ्यावर अशी ओरडली नव्हती. स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले. थोड्या वेळाने ती उंबऱ्यापर्यंत आली, आतच थांबली.

"बीटा माझ्या गळ्यातच जिरतात म्हणे. गॅमा मात्र अंगाबाहेर पडतात. ते तुझ्यापर्यंत पोहोचायला नकोत. या दिवसांत तर नकोतच."

"कुठल्या दिवसांत?"

"चहाच्या वासानं तोंड फिरवतेस. मला काय कळत नाही? मोठीला रोज तेच तर विचारते, धाकटीनं किती लांब राहायचं. ती म्हणाली, तिला तिथून हलव, मी रजा टाकून येते."

ताई, मला स्वतःलाच खात्री नव्हती. काल तपासून आले. खरं आहे. तेवढ्यात मला लागले ते किरण अगदीच किरकोळ, काळजी नको, पण आता लांबच राहा, असं डॉक्टर म्हणाले.

आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण आधी राग आला, तोही तुझा. माझ्या पोटातली बातमीसुद्धा आईनं मला विचारायच्या आधी तुला सांगावी! तू धावत येते आहेस म्हणून मी निर्धास्त निघाले आहे, आणि मला त्याचाही राग येतोय.

एक मात्र लक्षात ठेव. रात्री तिच्या खोलीतला दिवा मालवू नकोस. गाठ काढल्यापासून तिला अंधाराची भीती वाटते. हे तिनं तुला फोनवर सांगितलं नसेल.

आता काही दिवस आई तुझी. पुढे दोघींची, असं लिहायला हवं; पण तेवढं मन अजून मोठं झालेलं नाही.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
धाकटी